निंबाखालचा ठिपका

मी लँडस्केप आर्किटेक्चर शिकते असं यवतमाळात कोणाला सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग म्हणतो, म्हणजे बगीचे. मी हो म्हणते. पहिल्या वर्षी मी समजावून सांगत असे, की इमारतीबाहेरची जी जागा असते, जिथे माणसं चालतात, बसतात, वाट बघतात, तिचा विचार करायचं हे शास्त्र आहे. शेजारच्या काकूंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत ते विचारलं. तेव्हापासून मी वाद घालणं सोडून दिलं.

२००६च्या एप्रिलात मी पुण्याहून घरी आले ती दोन नाकारलेले विषय घेऊन. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आधी एक नदीकाठ आखला होता आणि मग एका कंपनीचं आवार. दोन्ही वेळा आमच्या गाइड सरांनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. हे सगळं तू कुठेतरी छापलेलं बघितलंस, असं ते म्हणाले. आपल्या गावात जा, लोकांनी आपली आपण केलेली एखादी जागा शोध, जी कोणी आखून दिलेली नाही, आणि पंधरा मेच्या आत घेऊन ये. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. पुढच्या वर्षी म्हणजे माझं वर्ष गेलं.

खरं सांगायचं तर मला घरी यायचंच नव्हतं. एकोणीस एप्रिलला आईला जाऊन वर्ष झालं आणि तिच्या वर्षश्राद्धाला मी आले नव्हते. सबमिशन आहे असं कळवलं होतं. सबमिशन होतंही, पण सरांना विचारलं असतं तर चार दिवस मिळाले असते. मी विचारलं नाही. बाबांनी फोनवर बरं म्हटलं आणि ठेवून दिला.

आमच्या घरात बोलायचं काम आईकडे होतं. तिचं नाव रजनी, पण तिच्या तोंडाला रात्र माहीत नव्हती. बाबा आणि मी एकमेकांशी तिच्यामार्फत बोलायचो. बाबांना सांग, पंख्याचा आवाज येतो. भैरवीला विचार, गाडी किती वाजताची आहे. आणि दोघंही त्याच खोलीत बसलेले असायचो. आई गेली आणि मधला माणूस गेला. आता बाबा विचारायचे, जेवलीस? मी म्हणायची, हो. मी विचारायची, चहा? ते म्हणायचे, झाला. एवढ्यावर दिवस निघायचा. समोरच्या खोलीत तिचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, खाली दोन तारखा. आम्ही दोघंही त्याच्याकडे न बघता पेपर वाचायला शिकलो होतो.

बाबांचं नाव यज्ञेश्वर. नाव भारदस्त, माणूस किरकोळ. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा, हे त्यांचं काम. रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, खरवडलेली जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, मग पुन्हा रेघ मारायची. नखाने नाही घासलं तर शाई फुटते. हे मला त्यांनी मी आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे आईला मध्ये न घालता त्यांनी मला शिकवलेली ती एकच गोष्ट.

निवृत्तीनंतर ते रोज साडेअकराला पिशवी घेऊन वाचनालयात जायचे आणि सव्वाचारला परत यायचे. मी त्याच्या आधीच घराबाहेर पडलेली असायची.

एप्रिल-मे महिन्यात आमच्या गावाला चेहरा नसतो. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की सगळे डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, फक्त डोळे उघडे, आणि ज्यांच्याकडे गॉगल आहे त्यांचे तेही झाकलेले. बाहेरगावचा माणूस घाबरतो. आपण आवाजावरून आणि गाडीवरून ओळखतो, आणि अनेकदा चुकीच्या माणसाला हात दाखवतो. मी आईची जुनी ओढणी बांधायची आणि वर टोपी, गॉगल. आठ दिवस मी तशी गाव पालथं घालत फिरले. आझाद मैदान बघितलं, दत्त चौकातल्या पानटपऱ्यांसमोरची गर्दी बघितली, आर्णी रोडवरच्या बंद जिनिंगच्या भिंतीला टेकून झोपलेले हमाल बघितले. सगळीकडे मला कोणी ना कोणी विचारलं, पेपरवाली का? त्या वर्षी पेपरात पहिल्या पानावर रोज जीव दिलेल्या कापूसवाल्यांचा आकडा असायचा, आणि हातात वही असलेला माणूस एकतर वार्ताहर नाहीतर सरकारी सर्वेवाला, तिसरा प्रकार कोणाला माहीत नव्हता. मी नाही म्हटलं की लोकांची निराशा व्हायची.

नवव्या दिवशी मी मोठ्या दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला लागले. त्या दवाखान्याच्या पुढच्या फाटकातून मला जायचं नव्हतं. आई तिथेच गेली होती, अकरा नंबरच्या वॉर्डात, एकोणीस दिवसांनी. मी पोचले ती शेवटच्या दोन दिवसांत. पण मागच्या भिंतीला एक भगदाड होतं आणि त्यातून आत जाणारी पायवाट इतकी घट्ट तुडवलेली होती, की तिच्यावर गवताची काडी नव्हती. आमच्या शास्त्रात पायवाट दिसली की तिच्यामागे जायचं असतं. मी गेले.

आत एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्याखाली अख्खं बिऱ्हाड. पेशंटचे नातेवाईक. तीन दगडांच्या चुली, हातपंपाजवळ घासलेल्या डबे-ताटल्यांची रांग, मेंदीच्या कुंपणावर वाळत घातलेली लुगडी, खोडाला ठोकलेल्या खिळ्यांवर औषधांच्या पिशव्या. कोणी आखलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि तरी चूल कुठे, झोपायचं कुठे, पाणी कुठून कुठे वाहायचं, सगळं ठरलेलं. हीच ती जागा.

भिंतीजवळ पाण्याच्या टाकीचा एक ओटा होता. तिथे बसले की सगळं दिसायचं आणि फार कोणाचं लक्ष जायचं नाही. मी पद्धतीप्रमाणे काम सुरू केलं. जागेचा एक नकाशा खाली, वर ट्रेसिंगचा कागद. दर तासाला प्रत्येक माणसाचा एक ठिपका. रोज नवा कागद. असे आठ दिवसांचे कागद एकावर एक ठेवले, की लोक कुठे बसतात आणि कसे सरकतात ते कळतं.

पहिल्याच दिवशी एक बाई चुलीवरून उठून माझ्याकडे आली. कांताबाई. राळेगाव तालुक्यातली, पन्नाशीची, गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लॉकेट. तिनेही तेच विचारलं, पेपरवाली का? मी नाही म्हटल्यावर ती चक्क हसली. परवाच पेपरवाले येऊन गेले होते, आणि घरी कोणी जीव दिला का असं त्यांनी तिला विचारलं होतं.

"मनलं, नाही बापा. माहा मालक कापसाच्या गाडीवर झोपला होता अन् झोपेत खाली पडला. खुब्याचं हाड मोडलं. तं त्याइनं फोटो बी नाही काढला."

तिच्या मालकाचं नाव उकंडा. मार्चअखेरीस खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगेत तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी पडला. गावात एकाने हाड बसवून दिलं ते वाकडं बसलं, आता ऑपरेशन व्हायचं होतं. मी काय करते ते मी तिला सांगितलं. बगीचे का, असं तिने विचारलं नाही. इथं सावली कमी पडते दुपारून, तेवढं लिहून घे, म्हणाली.

तिथला सगळ्यात मोठा कायदा सावलीचाच होता. ज्याचा पेशंट गंभीर, त्याला बुंध्याजवळची जागा. पेशंट सुधारला की माणूस आपणहून कडेला सरकायचा. नव्या माणसाला पहिला प्रश्न एकच असायचा, तुमचा पेशंट कोण? उत्तर ऐकून त्याची जागा ठरायची, आणि सांगावं न लागता कोणीतरी पसारा उचलायचं. मी चार वर्षांत बसण्याच्या जागांवर जेवढं वाचलं होतं त्यात हे कुठे नव्हतं. पुण्याच्या मित्रमैत्रिणींना सांगावंसं वाटलं, पण फोन काढून नुसता बघितला आणि परत ठेवला. तेव्हा मला कोणाशी बोलायचं म्हणजे आधी कसे आहात पासून सुरुवात करावी लागे, आणि त्याचा कंटाळा यायचा.

आठव्या दिवशी रात्री मी कागद एकावर एक ठेवले. सगळे ठिपके सावलीबरोबर सरकत होते, बारा वाजता बुंध्याभोवती, चार वाजता पूर्वेला. एक सोडून. एक ठिपका आठही कागदांवर, बारापासून चारपर्यंत, नेमका एकावर एक पडला होता. पांढरा दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस, माझ्याकडे पाठ करून, कडेच्या दगडावर. दोननंतर त्याच्यावर सरळ ऊन यायचं आणि तरी तो हलायचा नाही. मी हुशारी केली. जे हलत नाही ते स्थिर, म्हणून मी मूळ नकाशावर त्याच्या जागी आडव्या रेघा भरून टाकल्या, हातपंप आणि दगड दाखवतात तशा. मग बुंध्याभोवती गोल बाक, फरशी आणि फुलझाडांचा पट्टा असा एक देखणा आराखडा काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना फोन केला.

सरांनी सगळं ऐकलं. बाकांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "तो उन्हात बसणारा कोण आहे?" माहीत नाही, मी म्हटलं. मग तुला त्या जागेतलं काहीच माहीत नाही, विचारून ये, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अकरा मे होती. माझ्या हातात चार दिवस उरले होते.

त्या दुपारी मी कांताबाईच्या चुलीशी जाऊन बसले. तो माणूस नुकताच उठून हातपंपावर गेला होता. मी त्याच्याबद्दल विचारलं.

"ते नकाशेवाले भाऊ," कांताबाई म्हणाली. "सरकारात नकाशे काढत मने. लय चांगला मानूस. माह्या मालकाचे कागदं त्याइनंच वाचून देल्ले. त्याइची मंडळी हाये अकरा नंबरात, रजनीबाई. लय दिवसापासून हाये, पन आता बरी होऊन राह्यली मन्ते. काल दोन घास खाल्ले मने."

मी चुलीकडे बघत राहिले. कांताबाई भाकरी थापत बोलतच होती.

"एक पोरगी हाये पुन्याले. मोठं शिकते. मायले पाहाले नाही आली मन्ते. मी मनलं, भाऊ, येईन ना. शिकनाऱ्या लेकराले कामं रायतात."

हातपंपावरचा माणूस तोंड धुण्यासाठी दुपट्टा सोडत होता. मी बघितलं नाही. मी वही उचलली आणि भगदाडातून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर मला कळलं, की मी गॉगलच्या आत रडते आहे आणि ते पाणी ओढणीत जिरतं आहे, आणि शेजारून जाणाऱ्या कोणालाही त्याचा पत्ता लागायची सोय नाही. मला बाबांचा राग आला. मेलेल्या बाईला घास भरवणाऱ्या माणसाचा आणखी काय करायचं असतं? घर येईपर्यंत तो राग पुरला, दाराचं कुलूप उघडताना संपला.

संध्याकाळी दिवेलागणीला मी मुद्दाम सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवले. बाबा चहाची कपबशी घेऊन आले आणि जुन्या सवयीने वाकले. काही वेळ ते नकाशा बघत राहिले. उत्तर दिशेचा बाण जाड झालाय, म्हणाले. मग त्यांचं बोट त्या आडव्या रेघांवर येऊन थांबलं.

"हा माणूस रोज त्याच जागी असतो," मी म्हटलं. "ऊन आलं तरी हलत नाही. म्हणून मी त्याला स्थिर दाखवलं."

बाबांनी कपबशी खाली ठेवली. "मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं," ते म्हणाले. "तू रजनीसारखी चालतेस. म्हणून पाठ करून बसलो. सावलीबरोबर सरकलो असतो तर तुझ्यासमोर आलो असतो."

आठ दिवस आम्ही चाळीस पावलांवर बसलो होतो, दोघंही तोंडं बांधून, आणि संध्याकाळी घरी येऊन एकमेकांना चहा विचारत होतो.

"तुम्ही त्यांना आई आहे म्हणून का सांगितलंत?"

"पहिल्यांदा नुसताच जाऊन बसलो होतो. मागच्या वर्षी एकोणीस दिवस तिथेच बसत होतो, तू आलीस तेव्हा सरळ वॉर्डात गेलीस, तुला माहीत नाही. कोणीतरी विचारलं, पेशंट कोण. नाही म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं. म्हटलं, बायको." त्यांनी कपबशी नकाशापासून लांब सरकवली. "दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कशी आहे. भैरवी, वर्षभरात मला कोणी विचारलं नव्हतं, ती कशी आहे."

मी कसे आहात एवढंही विचारलं नव्हतं. ते मी बोलले नाही, पण खोलीत ते दोघांनाही ऐकू आलं असणार. बाबा उठले, दाढीच्या डब्यातून अर्धं ब्लेड घेऊन आले आणि उभ्या उभ्याच त्या आडव्या रेघा खरवडायला लागले. हात अजून स्थिर होता. एकही धागा न उचलता त्यांनी जागा कोरी केली, नखाने घासली आणि भुकटी फुंकली.

"उद्यापासून नाही जायचो मी," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बाबा पिशवीकडे गेले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. पेपर हातात होता, पान उलटत नव्हतं. मी बारा वाजेपर्यंत घरातच घुटमळले आणि मग मला ते बघवेना म्हणून बाहेर पडले. एका माणसाकडे एवढी एकच जागा होती, जिथे त्याच्याशी बोलायला कोणी होतं, आणि तीही मी नकाशा काढता काढता पुसून आले होते. वर्ष वाया जायची भीती त्यापुढे मला फार हलकी वाटली.

निंबाखाली कडेचा दगड रिकामा होता. कांताबाईने मला येताना बघितलं आणि आधी दगडाकडे, मग माझ्याकडे पाहत विचारलं, "नकाशेवाले भाऊ नाही आले आज. सुट्टी झाली का बाईले?"

तिथून माणूस दोनच कारणांनी जातो. पेशंटला सुट्टी झाली, नाहीतर पेशंट गेला. मी सुट्टी झाली म्हणू शकले असते. सगळ्यांना आनंद झाला असता, कोणीतरी साखरही वाटली असती. मी गॉगल काढला, ओढणी सोडली.

"ती माझी आई," मी म्हटलं. "गेली."

कांताबाईने पिठाचे हात तसेच पुढे केले आणि माझं डोकं ओढून घेतलं. दोन बायका आणखी उठून आल्या. कोणीतरी बुंध्याजवळची आपली पिशवी उचलली, मला तिथे बसवलं, लोट्यातून पाणी आणलं. आई गेली तेव्हा आमच्याकडे रीतीप्रमाणे सगळं झालं होतं, माणसं आली, हळू आवाजात बोलली आणि गेली, मी प्रत्येकाला चहा दिला होता. त्या दिवशी मी निंबाच्या बुंध्याला टेकून तोंड उघडं टाकून रडले. आई केव्हा गेली हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाबांच्या खोट्यात मी माझंही मिळवलं. निघताना कांताबाईने घर कुठे ते विचारलं आणि मी ते सांगून बसले.

ती दुसऱ्याच दिवशी आली. दुपारी बाराचं ऊन, हातात फडक्यात बांधलेला डबा. दार बाबांनी उघडलं. आतून मला त्यांचा आवाज आला, "जय भीम, कांताबाई," असा सहज, जसे ते रोजच म्हणत असावेत. आमच्या घरात हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. कांताबाई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. आत येऊ ना, असं तिने विचारलं. बाबा बाजूला झाले आणि या म्हणाले.

"मयताच्या घरी चूल नसते पेटत," ती म्हणाली. "मनून चून-भाकर आनली."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. पहिली, आणि लगेच दुसरी. कांताबाईने आत बघितलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. चंदनाचा हार वर्षभरात काळपट पडला होता, मण्यांवर धूळ होती. ती फोटोजवळ गेली. तिला वाचता येत होतं, सावकाश, ओठ हलवत. ओठ खालच्या तारखेवर आले आणि वर्षाच्या आकड्यावर थांबले. मी दाराची चौकट धरून उभी होते. ती आता काय म्हणेल ते मी मनात दहा प्रकारे ऐकलं. भाकरी देऊन, कागद वाचून घेऊन, रोज बाईची खुशाली विचारून जिची अशी फसवणूक झाली, ती काहीही म्हणाली असती तरी ते बरोबरच असतं.

"कांताबाई, मी..." बाबा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बसून फडक्याची गाठ सोडली.

"बसा भाऊ. भाकर थंडी होते."

बाबा जमिनीवर बसले. मीही बसले. कांताबाईने ज्वारीच्या भाकरीवर चून, म्हणजे घट्ट पिठलं, वाढलं, आणि आम्ही तिघं आईच्या फोटोखाली जेवलो. बाबा रडत होते आणि खात होते, दोन्ही एकदम, आणि तिने त्यांना गप्प व्हा म्हटलं नाही. कुकरखालचा गॅस मी मध्येच उठून बंद केला.

निघताना ती डबा फडक्यात बांधत म्हणाली, "उद्या मालकाचं आपरेशन हाये. पोरगं कामावर, सून बाळंतीन. मले एकटीले भेव लागते. तुमी येजा."

"मी तिथे आता कोण म्हणून बसू?" बाबांनी विचारलं.

"कोनी इचारलं तं सांगजा, माहा पेशंट उकंडा हाये मनून." तिने डोक्यावरून पदर घेतला, तोंडाला गुंडाळला. "थे तं खोटं नाही होत."

ती गेल्यावर मी टेबलाशी बसले. गोल बाक, फरशी, फुलझाडं सगळं बाजूला ठेवलं. नव्या कागदावर खोड, चुली, हातपंप, भगदाडातली पायवाट जशी आहे तशी उतरवली. फक्त पश्चिमेला, दुपारचं ऊन जिथून येतं तिथे, आणखी दोन निंब लावले. वर्षं लागतील त्यांना वाढायला. पंधरा तारखेला सर या कागदाचं काय करतील ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची घाईही नव्हती.

चौदा मेला आम्ही दोघं पहिल्यांदा बरोबर घराबाहेर पडलो. फाटकाशी बाबा दुपट्टा बांधू लागले, मागची गाठ त्यांना नीट येईना, म्हणून मी बांधून दिली. रस्त्यात त्यांनी मला विचारलं, की पुण्यात जेवणाचं कसं करतेस. मी सांगितलं. चौथ्या वर्षी पहिल्यांदा विचारलंत, असं म्हणायचं ओठावर आलं होतं, ते गिळलं.

निंबाखाली कांताबाई बुंध्याशी बसली होती, कारण त्या दिवशी तिचा पेशंट गंभीर होता. उकंडाला आत नेऊन अर्धा तास झाला होता. बाबांना बघून ती सरकली. एका नव्या आलेल्या म्हाताऱ्याने बाबांना विचारलं, तुमचा पेशंट कोण? बाबांनी उकंडाचं नाव सांगितलं आणि सावलीत बसले. मी टाकीच्या ओट्यावर माझ्या जागी जाऊन कागद उघडला. त्यांनी उन्हाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दुपट्टा तोंडावरून खाली ओढला आणि माझ्याकडे तोंड करून बसले.